मैदानावरचे प्राध्यापक : अमोस अलोन्झो स्टॅग

धर्मोपदेशक व्हावे या हेतूने येल विद्यापीठात दाखल झालेल्या अमोस अलोन्झो स्टॅग यांना व्यासपीठावरून बोलणे काही साधले नाही. उपदेशाचे ते काम त्यांनी पुढे मैदानावरून केले, आणि तेही जवळजवळ सात दशके! अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या आद्य प्रशिक्षकांत त्यांची गणना होते. (हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे, लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा, अंगावर धडका घेण्याचा तो अमेरिकी खेळ.)

स्टॅग यांचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ रोजी न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथे झाला. १८९० मध्ये ते स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात शिकवू लागले. त्यांच्या फुटबॉल संघातून खेळलेल्या जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात तेथेच बास्केटबॉलचा शोध लावला. ११ मार्च १८९२ रोजी या खेळाचा पहिला जाहीर सामना विद्यार्थी विरुद्ध शिक्षक असा रंगला. विद्यार्थी ५-१ असे जिंकले. शिक्षकांचा एकमेव गोल स्टॅग यांचा होता.

त्याच वर्षी शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी त्यांना पाचारण केले. खेळाच्या प्रशिक्षकाला प्राध्यापकवर्गात कायम स्थान देण्याची कल्पना त्या काळी अपूर्वच होती. स्टॅग यांनी या स्थानाचा मान राखला. जानेवारी १८९६ मध्ये त्यांच्या बास्केटबॉल संघाने आयोवा सिटीत १५-१२ असा विजय मिळविला. प्रत्येकी पाच खेळाडूंचा हा पहिला महाविद्यालयीन सामना मानला जातो. शालेय संघांची राष्ट्रीय स्पर्धाही त्यांनीच १९१७ पासून शिकागोत भरवली.

तथापि त्यांची खरी कर्मभूमी फुटबॉल हीच. १९०५ मध्ये सलग ५६ सामने अपराजित राहिलेल्या मिशिगनला शिकागोने २-० असे नमविले. चेंडू घेतलेला खेळाडू स्वतःच्याच गोलक्षेत्रात अडवला गेला की प्रतिपक्षाला मिळणारे दोन गुण, एवढ्यावर त्या वर्षीचे अजिंक्यपद ठरले. 'बिग टेन' या गटाची सात अजिंक्यपदे स्टॅग यांच्या नावावर आहेत.

पुढे वारे फिरले. १९२९ मध्ये अध्यक्ष झालेले तरुण रॉबर्ट हचिन्स यांना विद्यापीठात खेळाचे एवढे प्रस्थ मान्य नव्हते. सत्तरीच्या नियमावर बोट ठेवून १९३२ च्या हंगामाअखेर स्टॅग यांना निवृत्त करण्यात आले. प्राध्यापकपदाबरोबर प्राध्यापकांचा वयोनियमही आला होता, हे खरे. पण हचिन्स यांचा रोख केवळ वयावर नसावा. १९३९ मध्ये शिकागोने फुटबॉल संघच बंद केला. स्टॅग यांचे नाव लाभलेल्या मैदानाच्या प्रेक्षागाराखाली २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी यांनी नियंत्रित आण्विक साखळी प्रक्रिया घडविली.

स्टॅग मात्र घरी बसले नाहीत. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियातील कॉलेज ऑफ द पॅसिफिकने त्यांना बोलावले. तेथे ते चौदा हंगाम राहिले आणि १९४३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. नंतर पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहाना येथे त्यांनी आपल्या मुलाच्या जोडीने संघ सांभाळला. फुटबॉल (१९५१) आणि बास्केटबॉल (१९५९) या दोन्ही खेळांच्या सन्मानदालनांत पहिल्याच तुकडीत त्यांची निवड झाली. त्यांचा ३१४ विजयांचा विक्रम १९८१ मध्ये अलाबामाचे पॉल ब्रायंट यांनी मोडला.

१७ मार्च १९६५ रोजी स्टॉकटन येथे, वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.