स्वभाव आणि जुनाट डोकेदुखी

तीन महिन्यांहून जास्त काळ, दर महिन्याला 15 किंवा त्याहून अधिक दिवस डोके दुखत राहिले, तर ती जुनाट डोकेदुखी मानतात. अर्धशिशी म्हणजे मायग्रेन, ताणजन्य डोकेदुखी आणि वेदनाशामक गोळ्यांच्या अतिवापराने जडणारी डोकेदुखी हे तिचे नेहमी आढळणारे प्रकार. अशा रुग्णांच्या स्वभावाचा दुखण्याशी काय संबंध, हा वैद्यकातला जुना वाद आहे. मालवण किनाऱ्यावरच्या घराघरांत मात्र त्याचा निकाल आधीच लागलेला असतो. ‘कपाळ दुखता’ म्हणणाऱ्या बाईला ‘डोक्याक ताप करून घेव नको’ एवढाच सल्ला मिळतो. कपाळाला सुंठ उगाळून लावली जाते, बाम चोळला जातो आणि तिचा स्वभावच तसा, असे म्हणून विषय संपतो.

या समजुतीला एकेकाळी वैद्यकाचाही आधार होता. न्यूयॉर्कचे हॅरल्ड वुल्फ यांनी 1937 मध्ये अर्धशिशीच्या रुग्णाचे एक स्वभावचित्र मांडले : महत्त्वाकांक्षी, काटेकोर, चूक न खपवणारा, राग आतल्या आत दाबणारा. हे चित्र अनेक दशके टिकले. त्यातला दोष निवडीचा होता. तज्ज्ञापर्यंत पोचणारे रुग्ण मुळातच धडपडे आणि चिकाटीचे असतात. सोसत घरी राहिलेल्यांची गणती त्यात होत नाही. ऑलिव्हर सॅक्स यांनी 1970 च्या आपल्या ‘मायग्रेन’ या पुस्तकात, रुग्ण इतके नाना स्वभावांचे असतात की ते एका साच्यात बसत नाहीत, असे दाखवून दिले.

पुढच्या अभ्यासांतून एकच गुण ठळकपणे उरला. मानसशास्त्र त्याला भावनिक अस्थिरता म्हणते : चटकन चिंता वाटणे, मनाला लागणे, झालेले लवकर न विसरणे. अमेरिकेतील डेट्रॉइट परिसरातल्या तरुणांचा काही वर्षे पाठपुरावा करून नेओमी ब्रेस्लाउ आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये निष्कर्ष मांडला की, हा गुण जास्त असलेल्या स्त्रियांना पुढे अर्धशिशी जडण्याचा संभव अधिक होता. पुरुषांत तसे दिसले नाही. अर्धशिशी आणि नैराश्य यांचा संबंधही दुहेरी आढळला. एक असेल तर दुसरे येण्याची शक्यता वाढते. दोन्हींच्या मुळाशी काही आनुवंशिक आणि मेंदूतील रासायनिक घटक समान असावेत. शिवाय वर्षानुवर्षे दुखत राहिलेले डोके माणसाला चिडका, धास्तावलेला, एकलकोंडा बनवते. ज्याला आपण स्वभाव म्हणतो, तो कित्येकदा दुखण्याचाच परिणाम असतो.

अर्धशिशी स्त्रियांत पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळते. वयात येण्याआधी मुलामुलींत असा फरक नसतो. त्यामागे संप्रेरकांचा मोठा वाटा आहे. घरच्या परिस्थितीचीही त्यात भर पडते. मालवण ज्यात येते त्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे 1036 स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईत चाकरमानी आणि घर, शेती, म्हातारी माणसे, मासळीबाजार बाईच्या अंगावर, हे येथील अनेक वाड्यांचे चित्र. झोप आणि जेवण यांची वेळ चुकणे हे अर्धशिशीचे ओळखीचे निमित्त आहे आणि या दिनक्रमात ते रोजचेच. उपवास, भर उन्हातली चमक, जत्रेत पहाटेपर्यंत चालणारे दशावतारी नाटक यांनीही दुखणे उठते. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी 2006 मध्ये 94 भारतीय रुग्णांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांत डोक्यावरून न्हाणे हे वेदनेचे एक निमित्त होते. परदेशी पुस्तकांतल्या याद्यांत हे निमित्त क्वचितच सापडे. अशा कारणांचा शोध घेण्याऐवजी स्वभावाला दोष देणे सोपे असते, म्हणूनच ते इतके रुजले.

स्वभाव जाणून घेण्याचा खरा उपयोग उपचारात होतो. चिंता करणारा रुग्ण दुखण्याच्या धास्तीनेच गोळी घेतो. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, ट्रिप्टान (अर्धशिशीच्या खास गोळ्या) किंवा मिश्र गोळ्या 10 किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले, तर गोळीच डोकेदुखी वाढवते. दुकानातून स्वतःहून गोळ्या घेण्याची सवय किनाऱ्यावर सर्रास आहे, त्यामुळे हा धोका येथे विशेष. दुखणे रोखण्यासाठी अमिट्रिप्टिलीन ही नैराश्यावरची गोळी कमी मात्रेत देतात. ती ‘मनाची गोळी’ आहे असे ऐकून अनेक जण ती सोडतात; पण नैराश्य नसलेल्या रुग्णालाही तिचा गुण येतो. प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचे औषधही याच कामी येते. जोडीला शिथिलीकरण आणि वर्तनोपचार यांचा लाभ होतो. शेजारच्या गोव्यात ‘संगत’ संस्थेच्या ‘मानस’ चाचणीत प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्यसेवेतच नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना मदत केली. निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. शासकीय आरोग्यकेंद्रांत त्याचा परिणाम चांगला दिसला. सिंधुदुर्गातल्या आरोग्यकेंद्रांनी ही वाट धरायला हवी.

अचानक उठलेली आणि क्षणात असह्य झालेली वेदना, ताप व ताठ मान, एका बाजूची शक्ती जाणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, यांपैकी काही असेल तर स्वभावाची चर्चा बाजूला ठेवून लगेच रुग्णालय गाठावे. एरवीही दुखण्याचे दिवस, वेळ आणि घेतलेल्या गोळ्या कॅलेंडरवर लिहून डॉक्टरांना दाखवाव्यात.