परक्या वेदीपाशी पाहुणा

परदेशी गेलेल्या ख्रिस्ती माणसाला तिथल्या मंडळीने आपल्या उपासनेत सामील करून घ्यावे का, हा प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. श्रद्धेबाबत आधी पूर्ण एकमत व्हावे आणि मगच एका वेदीपाशी यावे, असे आपण सहसा धरून चालतो. इतिहासाची साक्ष वेगळी आहे. मतभेद कायम असतानाही एकत्र उपासना झाली, ती दोन शिस्तींच्या बळावर. यजमानाने पाहुण्याची नीट ओळख पटवून घ्यायची आणि पाहुण्याने यजमानाला सुधारण्याचा हक्क स्वतःकडे घ्यायचा नाही. यांतली दुसरी शिस्त जिथे सुटली, तिथे एकोपा टिकला नाही.

इ.स. १५५च्या सुमारास स्मुर्णाचा, म्हणजे आजच्या इझमीरचा, वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेला. पुनरुत्थानाचा सण कोणत्या दिवशी पाळायचा याबद्दल आशियातली रीत एक होती आणि रोमची दुसरी. पॉलिकार्पने प्रेषित योहानाचा दाखला दिला, रोमचा बिशप अनिसेतस याने आपल्या पूर्वसूरींचा. कोणीच माघार घेतली नाही. तरीही अनिसेतसने आपल्या मंडळीत प्रभुभोजनाचा विधी चालवण्याचा मान पाहुण्याला दिला आणि दोघांनी सलोख्याने निरोप घेतला. हा प्रसंग लियोंचा बिशप आयरेनियस याने लिहून ठेवला, आणि तोही सहज आठवण म्हणून नव्हे. पुढच्या पिढीतला रोमचा बिशप व्हिक्टर याच वादावरून आशियातल्या मंडळ्यांशी संबंध तोडायला निघाला होता आणि त्याला आवरण्यासाठी आयरेनियसने हे उदाहरण पुढे केले.

अर्थात, आला त्याला आत घेतला असा हा मामला नव्हता. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात किंख्रियाच्या फिबीची शिफारस आहे. पुढे अशा शिफारसपत्रांची रीतच पडली. चौथ्या शतकात अंत्युखियाच्या धर्मसभेने पत्राशिवाय परक्याला स्वीकारू नये असे ठरवले. ४५१च्या खाल्सेदोन परिषदेने अनोळखी धर्मगुरूला पत्राविना विधी चालवण्यास मनाई केली. ही व्यवस्था इतकी कामाची होती की ख्रिस्ती धर्माचा विरोधक असलेल्या सम्राट ज्युलियनलाही ती आपल्या देवळांसाठी हवीशी वाटली, असे इतिहासकार सोझोमेन सांगतो. पत्र म्हणजे वेगळ्या मताच्या लोकांना बाहेर ठेवण्याचे साधन होते, असा आक्षेप घेता येईल. त्यात तथ्य आहे. अनेकांना या नियमाने दारातूनच परत पाठवले. पण पत्राने मुख्यतः विचारले ते एवढेच, की तुमच्याबद्दल ग्वाही कोण देतो. प्रत्येक मताची झडती त्यात नव्हती. एकदा आत घेतले की मंडळी पाहुण्यासाठी कष्टही घेत. चौथ्या शतकाच्या अखेरीस यरुशलेमला गेलेली यात्रेकरू एजेरिया लिहिते की तिथला बिशप ग्रीकमध्येच बोलत असे, एक धर्मगुरू त्याचे बोलणे सिरियाकमध्ये सांगत असे, आणि फक्त लॅटिन जाणणाऱ्यांनाही ते समजावून देणारे कोणी ना कोणी असे.

या दोन्ही शिस्तींची सर्वांत कठीण कसोटी १२८७-८८ साली लागली. रब्बान सौमा हा मूळचा आजच्या बीजिंगचा भिक्षू. त्याची पूर्वेकडची सिरियाक ख्रिस्तसभा इराण ओलांडून चीनपर्यंत पसरली होती. सहाव्या शतकात प्रवासी कॉसमसने आजचे कल्याण मानल्या जाणाऱ्या बंदरात ज्या ख्रिस्ती मंडळीची नोंद केली, तिचा बिशपही इराणातून नेमून येई. ४३१च्या इफिस परिषदेनंतर या परंपरेला पश्चिमेत पाखंडी मानले जाई. रोममध्ये कार्डिनलांनी सौमाला श्रद्धेबद्दल बारीक प्रश्न विचारले. आपण वाद घालायला नव्हे तर दर्शनाला आलो आहोत, असे त्याने सांगितले. गॅस्कनीत इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने त्याच्या हातून ख्रिस्तप्रसाद घेतला. पुढच्या वर्षी पोप चौथा निकोलस याच्या संमतीने त्याने रोममध्ये आपल्या पद्धतीने मिस्सा अर्पण केली, आणि झावळ्यांच्या रविवारी पोपच्या हातून प्रसाद घेतला. सौमा मंगोल राजा अर्घूनचा वकील होता आणि युरोपला इजिप्तच्या मामलुकांविरुद्ध मित्र हवे होते, तेव्हा हे सारे राजकारणच, असे कोणी म्हणेल. राजकारण होतेच. पण वकिलाचा सन्मान करायला मेजवानी आणि नजराणे पुरले असते. वेदीवर जागा देण्याची गरज नव्हती. शिवाय लष्करी युती काही झाली नाही, तरी झालेली उपासना कोणी अमान्य ठरवली नाही.

दुसरी शिस्त सुटली की काय होते, हे केरळात दिसले. १५०४च्या सुमारास सौमाच्याच ख्रिस्तसभेतून तिथे आलेल्या सिरियाक बिशपांनी आपल्या पेट्रिआर्कला, म्हणजे ख्रिस्तसभेच्या प्रमुखाला, धाडलेल्या पत्रात, कण्णूरला पोर्तुगीजांनी आपले प्रेमाने स्वागत केले आणि आपण त्यांच्यात राहून मिस्सा अर्पण केली, असे आनंदाने कळवले आहे. तेव्हा पोर्तुगीज त्या किनाऱ्यावर पाहुणेच होते. १५९९ साली गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझेस यांनी उदयंपेरूरला धर्मसभा भरवली तोवर ते मालक होऊन बसले होते. प्रार्थनेतून पेट्रिआर्कचे नाव काढले गेले, सिरियाक ग्रंथ जाळले गेले. १६५३ साली मट्टांचेरीत केरळातल्या थोमा ख्रिस्ती लोकांनी जेझुइट धर्मगुरूंची सत्ता मानणार नाही अशी शपथ घेतली आणि समाज कायमचा दुभंगला. श्रद्धेतला फरक १५०४ मध्येही तेवढाच होता. बदलली ती पाहुण्याची वागणूक.

२००१ साली रोमने आपल्याशी जोडलेल्या खाल्डियन आणि स्वतंत्र असलेल्या असिरियन मंडळ्यांतल्या लोकांना, गरज पडल्यास, एकमेकांच्या वेदीपाशी प्रसाद घेण्याची मुभा दिली. मायदेश सोडून विखुरलेल्या, स्वतःचा धर्मगुरू जवळ नसलेल्या लोकांची अडचण त्यामागे होती. ही असिरियन मंडळी म्हणजे सौमाच्याच ख्रिस्तसभेची वारस. तेव्हाही सगळे वाद मिटलेले नव्हते, आणि ते मिटण्याची वाट पाहिली असती तर निर्वासित कुटुंबे उपासनेविनाच राहिली असती. वाद महत्त्वाचे आहेत आणि ते चालू राहावेत. पण प्रवासी दारात उभा असताना त्याच्याबद्दलची ग्वाही तपासावी आणि त्याला आत घ्यावे, हीच या इतिहासातली अधिक विश्वासार्ह रीत आहे.