गोल्डबर्ग व्हेरिएशन्स : ग्लेन गूल्डचे ध्वनिमुद्रण (१९५५)

योहान सेबास्टिअन बाख (१६८५–१७५०) याच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ या रचनेचे कॅनडियन पियानोवादक ग्लेन गूल्ड (१९३२–८२) याने केलेले पहिले स्टुडिओ-ध्वनिमुद्रण. न्यूयॉर्कमध्ये एका जुन्या चर्चच्या वास्तूत थाटलेल्या कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत जून १९५५ मध्ये ते चार दिवसांत झाले आणि जानेवारी १९५६ मध्ये ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. बावीस वर्षांचा हा वादक तिच्यामुळे जगभर नावारूपाला आला. मूळ रचना १७४१ मध्ये न्यूरेंबर्ग येथे छापली गेली. आरंभी एक ‘आरिया’, तिच्या ३२ मात्राखंडांच्या खर्ज-आधारावर उभारलेली ३० व्हेरिएशन्स आणि शेवटी पुन्हा तीच आरिया, असा तिचा आराखडा आहे. दर तिसरे व्हेरिएशन कॅनन आहे. म्हणजे एका स्वररेषेने मांडलेली चाल दुसरी स्वररेषा काही अंतराने उचलते. अपवाद फक्त तिसाव्याचा : तेथे बाखने लोकगीतांच्या चाली एकत्र गुंफल्या आहेत.

या मुद्रणाची ख्याती सहसा त्याच्या वेगावर तोलली जाते. पण त्याचे खरे मोल स्वररेषांच्या सुटेपणात आहे. एकूण वादन सुमारे साडेअडतीस मिनिटांचे असल्याने वेगाची आख्यायिका पसरली. मात्र आरिया आणि प्रत्येक व्हेरिएशन यांचे दोन भाग दोनदा वाजवावेत, असे बाखने लिहिले आहे आणि गूल्डने या सर्व पुनरावृत्ती गाळल्या आहेत. त्या धरल्या असत्या, तर याच लयीत कालावधी पाऊण तासाच्या बराच पुढे, सव्वा तासाच्या घरात गेला असता. पाचवे व्हेरिएशन तो मिनिटभरही न घेता उरकतो, हे खरे. पण विषादाने भरलेल्या पंचविसाव्याला साडेसहा मिनिटांच्या आसपास वेळ देतो. द्रुत व्हेरिएशन्समध्येही स्वर एकमेकांत मिसळत नाहीत. पेडलचा वापर अत्यल्प आणि प्रत्येक स्वर नेटका तोडलेला असल्याने उजव्या व डाव्या हाताच्या रेषा वेगळ्या ओळखता येतात. वडिलांनी बनवून दिलेल्या ठेंगण्या घडीच्या खुर्चीवर बसून, मनगटे खाली ठेवून तो बोटांच्या बळावर वाजवी. सोबतचे त्याचे गुणगुणणेही मुद्रणात ऐकू येते.

बाखने ही रचना दोन स्वरपटलांच्या हार्पसिकॉर्डसाठी लिहिली, तेव्हा पियानोवरील वादन मुळाशी प्रामाणिक नाही, हा आक्षेप वजनदार आहे. हात एकमेकांवरून जाणारी व्हेरिएशन्स एका स्वरपटलावर अवघड होतात. शिवाय वांदा लांदोव्स्का हिने १९३३ मध्येच हार्पसिकॉर्डवर या रचनेचे मुद्रण केले होते. पण दोन स्वरपटलांमुळे रेषांना मिळणारा वेगळेपणा गूल्ड स्पर्शाच्या भेदातून साधतो. वाद्य बदलले, तरी रचनेची वीण झाकली जात नाही. पुनरावृत्ती गाळल्याने मात्र दोन्ही भागांचा तोल उणावतो. तेवढी उणीव मान्य करावी लागते.

दुसरा आक्षेप खुद्द गूल्डचा. १९६४ मध्ये जाहीर मैफली सोडलेल्या गूल्डने १९८१ मध्ये त्याच स्टुडिओत ही रचना नव्याने मुद्रित केली. जुन्या वादनातील पंचविसाव्या व्हेरिएशनमध्ये त्याला शोपँच्या नॉक्टर्नची, म्हणजे भावविभोर पियानोरचनेची, छटा खटकत होती आणि सर्व व्हेरिएशन्सच्या लयी एकाच मूळ स्पंदाशी जोडलेल्या हव्या होत्या. नवे वादन सुमारे ५१ मिनिटांचे आहे. काही पुनरावृत्ती परत आल्या आहेत आणि आरिया बरीच संथ झाली आहे. पण पंचविसावे व्हेरिएशन उलट थोडे आखूड झाले आहे. म्हणजे ‘तरुणपणी वेगवान, उत्तरायुष्यात संथ’ ही सोपी विभागणी त्याच्याच दोन मुद्रणांवर टिकत नाही. लय, पुनरावृत्ती आणि भावनेचा रंग त्याने बदलला. प्रत्येक रेषेचा स्वतंत्र उच्चार मात्र जसाच्या तसा ठेवला. म्हणूनच १९५५ च्या मुद्रणाची महत्ता त्याच्या कर्त्याच्या नापसंतीने खंडित होत नाही : गूल्डने जे टाकून दिले ते त्या काळातील आवडीचे होते, आणि जे राखले त्यावरच या वादनाची कीर्ती उभी आहे.