पाचगावची लढाई

गिरडच्या उत्तरेस, नागपूर-उमरेड मार्गावर पाचगाव आहे. २६ जानेवारी १७७५ रोजी तेथे मुधोजी व साबाजी हे भोसले बंधू परस्परांशी लढले. १७७२ साली जानोजी निवर्तले. त्यांचा दत्तक रघूजी हा मुधोजींचाच पुत्र. जानोजींच्या पत्नी दर्याबाईंनी मात्र साबाजींचा पक्ष धरिला. अशा यादवीत वेढ्याचे महत्त्व मर्यादित ठरते. किल्ला घेतल्याने प्रांत मिळतो, वारशाचा तंटा मिटत नाही. पाचगावी मुधोजींचा हत्ती घेरला गेला, पराभव समोर दिसत होता. इतक्यात त्यांच्या गोळीने साबाजी पडले आणि जिंकत आलेली फौज नायकाविना उरली. यास रणनीतीचे यश म्हणणे धाडसाचेच होईल. पुढे १७८८ पर्यंत, मुधोजी निवर्तेतो, कारभार त्यांच्याच हाती राहिला.