हिवऱ्याची औषधी बाग आणि औषधनिर्माणशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण

जुन्नरचे नाव निघाले की अभ्यासकास नाणेघाट व शिवनेरी आठवतात. औषधविद्येच्या इतिहासात मात्र या तालुक्यास निराळ्याच कारणाने स्थान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथील हिवरे गावी कंपनी सरकारची औषधी वनस्पतींची बाग होती. 1838 मध्ये दापोडीच्या वनस्पती-उद्यानाचा अधीक्षक झालेला स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर गिब्सन हाच हिवऱ्याचाही कारभार पाही. विलायती औषधे महाग पडत व सागरप्रवासात त्यांचा गुण उणावे. म्हणून खुरासानी ओव्यासारख्या वनस्पती येथेच लावून सरकारी औषधभांडारास माल पुरवावा, असा हा उपक्रम होता. पुढे 1847 मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला आणि 1861 मध्ये डाल्झेलसमवेत त्याने ‘बॉम्बे फ्लोरा’ प्रसिद्ध केला.

ही बाग पुरवठ्यासाठी होती, अध्यापनासाठी नव्हे. हा भेद लहान वाटला तरी त्याचे परिणाम दूरवर पोहोचले. औषधनिर्माणाचे विद्यापीठीय शिक्षण भारतात 1932 मध्ये महादेवलाल श्रॉफ यांनी बनारस हिंदु विद्यापीठात सुरू केले, ते प्रामुख्याने रसायनशास्त्राच्या आश्रयाने. 1948 च्या फार्मसी कायद्याने व्यवसायास शिस्त आली. या साऱ्या घडणीत रानाशी असलेला जुना संबंध मागे पडला, असेच म्हणावे लागते.

रान मात्र जागच्या जागी होते. आंबेगाव व जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी कुटुंबे आजही हिरडा गोळा करतात. आठी धरण्यापूर्वीचे कोवळे फळ, म्हणजे बाळहिरडा, वाळवून विकला जातो. त्याचे अर्क व चूर्ण इतरत्र होते. गावाच्या वाट्याला कच्च्या मालाची किंमत तेवढी येते. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडे पडली, तेव्हा या उत्पन्नावर किती घरे अवलंबून आहेत हे शासनदरबारी नव्याने सांगावे लागले.

आता जुन्नर तालुक्यातच आळे, बेल्हे व ओतूर परिसरात औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत. पदवीनंतर पुढे जाऊ पाहणाऱ्यासाठी 2010 पासून जीपॅट ही अखिल भारतीय परीक्षा आहे. अर्ज भरताना गुणांइतकाच शाखेचा प्रश्न महत्त्वाचा. कारखान्यातील नोकरीच्या आशेने फार्मास्युटिक्सकडे ओढा असतो, आणि तो अनाठायी नाही. घरची परिस्थिती शाखा ठरविते. परंतु वनौषधींची शास्त्रीय परीक्षा करणारी फार्माकोग्नॉसी ही शाखा ज्या प्रश्नांनी सुरू होते, म्हणजे झाड नेमके कोणते, फळ कोणत्या महिन्यात उतरविले, ते उन्हात वाळले की सावलीत, त्यांची उत्तरे भीमाशंकरच्या उतारावरील घरात ठाऊक असतात. प्रवेश-अर्जात त्यासाठी रकाना नाही. प्रबंधाच्या विषयात मात्र त्यास जागा करता येते: बाळहिरडा व पक्व हिरडा यांतील टॅनिनांचे प्रमाण एकाच झाडावर आठवड्यागणिक कसे बदलते, हे मोजण्यास संग्राहकाचे दिनमान आणि प्रयोगशाळेचा तराजू दोन्ही लागतात.