सिंधूच्या नावानं गोळीबार

मागच्या भागात आपण काशीच्या घाटांवरच्या मराठी वाड्यांबद्दल बोललो. आजचा विषय ऐकून काही जण हसतील. आज मी मोबाइलवरच्या एका खेळाबद्दल बोलणार आहे. पण थांबा, इतिहास त्यातच आहे.

माझ्या पुतण्याचा मुलगा बारावीत आहे, एनडीएची तयारी करतोय. त्यानं मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आजोबा, हा खेळ आपल्या पुण्यात तयार झालाय. खरी लढाई अशीच असते का, सांगा."

खेळाचं नाव 'इंडस'. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा हा खेळ 16 ऑक्टोबर 2024 रोजी बाजारात आला. कथा विज्ञानकथेची आहे. सिंधू संस्कृती पुढे अंतराळात पसरली असती तर काय झालं असतं, ही मूळ कल्पना. विरलोक नावाची जागा, ती बांधणारे प्राचीन यक्ष आणि कॉस्मियम नावाचं मौल्यवान खनिज. खेळाडू तिथे उतरतात, शस्त्रं गोळा करतात आणि मैदान आकसत जाईल तसे एकमेकांवर गोळ्या झाडतात.

अशा खेळांची परंपरा अमेरिकन आहे. 1993 साली 'डूम' आला. मंगळाच्या चंद्रावर एकटा सैनिक राक्षसांशी लढतो आणि सगळं आपल्याला त्याच्याच डोळ्यांतून दिसतं. पुढे अमेरिकी मरीन सैनिकांनी 'डूम'च्या दुसऱ्या भागात बदल करून चार जणांच्या तुकडीच्या सरावासाठी तो वापरला. राक्षस काढले, माणसं घातली. तेव्हा लष्करानं असे खेळ गंभीरपणे घेतलेले आहेत. मीही घेतो.

आधी गुण सांगतो. एक, जमीन वाचायची सवय लागते. आड कुठे आहे, उंचवटा कुणाच्या हातात आहे, एकानं गोळीबार करायचा आणि दुसऱ्यानं पुढे सरकायचं, हे पोराला न शिकवता कळलं होतं. दोन, 'इंडस'मध्ये शेवटी कॉस्मियम ताब्यात घेणारा जिंकतो, मग समोर शत्रू शिल्लक का असेना. ही गोष्ट मला फार आवडली. युद्धाच्या तत्त्वांत पहिलं तत्त्व हेच आहे. उद्दिष्ट ठरवा आणि त्याला चिकटून राहा. मुडदे मोजणं हे उद्दिष्ट नव्हे. तीन, आपल्या मुलांना यक्ष हा शब्द परक्या राक्षसांच्या जागी भेटतो, हेही कमी नाही.

आता दोष. या खेळात तुम्हाला मारणाऱ्यावर डूख धरून पुढच्या सामन्यात सूड घेण्याची सोय आहे. सैनिक असा लढत नाही. समोरच्याचं नावही त्याला माहीत नसतं, आणि ज्याचा राग डोक्यात जातो तो आपल्याच तुकडीला धोक्यात घालतो. दुसरं, या प्रकारच्या खेळांत पडलेला साथीदार काही क्षणांत उठून उभा राहतो. आमच्या एका चौकीवरून एका जखमी जवानाला खाली आणायला चार माणसं आणि अख्खी रात्र लागली होती. त्या रात्री एकही गोळी सुटली नाही. पण माझ्या नोकरीतली सर्वांत अवघड लढाई तीच होती.

तिसरा दोष इतिहासाचा आहे, आणि त्यासाठी काशीतच थांबावं लागेल. 1922 मध्ये मोहेंजोदडो इथे उत्खनन करणारे राखालदास बॅनर्जी आयुष्याच्या शेवटी इथल्या हिंदू विश्वविद्यालयात प्राध्यापक होते. 1930 साली ते वारले. या संस्कृतीची बातमी जॉन मार्शल यांनी जगाला दिली ती सप्टेंबर 1924 मध्ये. म्हणजे खेळ आला तो जवळपास बरोबर शंभर वर्षांनी. आणि या संस्कृतीचं वैशिष्ट्य काय? इजिप्त आणि मेसोपोटेमियात राजे शत्रूला तुडवताना कोरलेले आहेत. सिंधूच्या मुद्रांवर तसे विजयोत्सव नाहीत. तटबंदी आहे, भाल्याची आणि बाणांची टोकं आहेत, पण सैन्याचा गाजावाजा नाही. उलट तिथे खेळायचे फासे सापडले.

इथे एक इशारा माझ्यासारख्यांनाही आहे. मॉर्टिमर व्हीलर हे पुरातत्त्वज्ञ ब्रिगेडियर होते. मोहेंजोदडोचे सांगाडे पाहून त्यांनी आक्रमण आणि कत्तल झाल्याचा निष्कर्ष काढला. 1964 साली जॉर्ज डेल्स यांनी दाखवून दिलं की पुराव्याच्या कसोटीवर ती कत्तल टिकत नाही. फौजी डोळ्याला सगळीकडे लढाईच दिसते. खेळ बनवणाऱ्यांचंही तेच झालं. सिंधूकडून त्यांनी नाव घेतलं. तिची सरळ रस्त्यांची आखणी, गटारं, वजनमापं यांतून काही वेगळं घडवता आलं असतं. ते राहून गेलं.

पोराला मी म्हटलं, "खेळ जरूर. त्यातून जमीन वाचायला शीक. पण एनडीएत निवड झाली तर लक्षात ठेव, तुझ्या शेजारी पडलेला माणूस आपोआप उठणार नाही. त्याला तुलाच उचलावं लागेल." त्यानं मोबाइल खाली ठेवला आणि त्या रात्रीबद्दल विचारलं. आम्ही बराच वेळ बोललो.

पुढच्या भागात राखालदासांबद्दल सविस्तर बोलू. जय हिंद.