गिरमिट: कराराच्या कागदावरची गुलामगिरी

१ फेब्रुवारी १८३५ या दिवशीं मॉरिशस बेटांतील गुलाम कायद्यानें मुक्त झाले. ब्रिटिश पार्लमेंटनें १८३३ सालीं केलेल्या कायद्याचा अंमल त्या दिवसापासून तेथें सुरू झाला. या कायद्याची एक बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. साम्राज्यांतील गुलामांच्या मालकांना त्यांची 'मालमत्ता' हातची गेली म्हणून एकंदर दोन कोटी पौंडांची भरपाई देण्यांत आली. ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या फुकट घाम गाळला त्यांच्या हातावर एक पैहि पडली नाहीं. उलट, आणखी कांहीं वर्षें त्याच धन्यांकडे 'उमेदवार' म्हणून राबण्याची सक्ती त्यांच्यावर झाली.

मळेवाल्यांचें एवढ्यानें समाधान होण्याजोगें नव्हतें. ऊंस कांहीं पौंडांनीं तोडला जात नाहीं. त्याला माणसें लागतात. मुक्तीचा दिवस उजाडण्यापूर्वींच, २ नोव्हेंबर १८३४ रोजीं, 'अ‍ॅटलास' नांवाचें जहाज कलकत्त्याहून पोर्ट लुई बंदरांत येऊन थांबलें होतें. त्यांत छोटानागपूरकडील डोंगराळ मुलखांतले ३६ मजूर होते. दरमहा पांच रुपये वेतनावर पांच वर्षें काम करण्याचा करार त्यांनीं केला होता. हा करार मॅजिस्ट्रेटसमोर त्यांना वाचून दाखविण्यांत आला होता. कागदोपत्रीं सारें यथास्थित होतें.

इंग्रजी 'अ‍ॅग्रिमेंट' या शब्दाचें मजुरांच्या तोंडीं 'गिरमिट' झालें आणि त्या कागदानें बांधला गेलेला तो 'गिरमिट्या'. मराठी सुताराच्या हातांतील गिरमिट निराळें, तें लांकडाला भोंक पाडतें. पण हा दुसरा गिरमिटहि माणसाच्या आयुष्यांत तितक्याच सावकाश आणि तितकाच खोल शिरत असे.

माणसें मिळविण्याचें काम करणाऱ्या दलालाला 'अरकाटी' म्हणत. बाजार, जत्रा, तीर्थक्षेत्रें, रेल्वेचीं स्थानकें हीं त्याचीं शिकारीचीं ठिकाणें. सावकाराला कंटाळलेला कुणबी, घरांतून रुसून निघालेला तरुण, आधार तुटलेली विधवा यांना तो अचूक हेरी. जावयाचें कोठें, तर 'येथें जवळच'. मॉरिशसला तो 'मिरीच देश' म्हणे, त्रिनिदादला 'चिनीदाद', आणि तेथें काम काय, तर साखर चाळावयाची! सुरिनामचें 'श्रीराम' झालें. रामाच्या नांवाच्या देशांत जाण्यास भाविक मनुष्य कशाला कचरेल? एकदां का तो डेपोच्या फाटकाआंत गेला, कीं खाल्लेल्या अन्नाचा हिशेब त्याच्या डोक्यावर चढे. मग साहेबापुढें 'कबूल आहे काय?' असा प्रश्न येई, आणि 'होय' हें एकच उत्तर त्याला पढविलेलें असे.

या व्यापारापासून महाराष्ट्रहि अलिप्त राहिला नाहीं. १८३८ सालीं उठलेल्या ओरडीमुळें पुढील वर्षीं मजुरांची ही निर्गत बंद झाली होती. १८४० सालीं खुद्द वसाहतमंत्री लॉर्ड जॉन रसेल यांनीं, यांतून 'गुलामगिरीची नवी पद्धति' निर्माण होईल, अशी भीति गियानासंबंधीं लिहून ठेविली. तरी १८४२ च्या कायद्यानें मॉरिशससाठीं कलकत्ता, मद्रास आणि मुंबई हीं तिन्ही बंदरें खुलीं झालीं. मुंबईहून गेलेल्यांत कोंकणांतील व घाटावरील मराठी माणसें हजारोंनीं होतीं. इतरांच्या मानानें त्यांची संख्या थोडी. पण त्यांनीं भाषा टाकली नाहीं, गणपति सोडला नाहीं. मॉरिशसमध्यें गणेशचतुर्थी आज सार्वजनिक सुटीचा दिवस आहे.

मळ्यावरचें जिणें कसें होतें, हें समजण्यास क्रौर्याच्या कहाण्यांपेक्षां हिशेबाची वही अधिक उपयोगी पडते. मॉरिशसमध्यें 'दुहेरी कपात' नांवाची रीत होती. एक दिवस कामावर गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. महिन्यांतून दहा दिवस तापानें पडलेल्या माणसाच्या पदरीं काय उरत असेल, याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा. शिवाय करार मोडणें हा दिवाणी दावा नव्हता, फौजदारी गुन्हा होता. त्याला तुरुंग होता. मुदत संपलेल्या मजुरालाहि सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्यानें त्याला स्वतःचें छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे, आणि तो नसल्यास 'भटक्या' म्हणून पोलीस त्याला धरीत. छायाचित्रणाची नवी कला माणसाला जखडण्याच्या कामीं किती लवकर लागली! या जुन्या मजुरांची बाजू अडॉल्फ द प्लेव्हित्झ या गोऱ्या मळेवाल्यानें घेतली. १८७१ सालीं त्यानें तयार केलेल्या अर्जावर नऊ हजारांवर मजुरांच्या सह्या होत्या. त्यामुळें शाही चौकशी मंडळ नेमलें गेलें. पोलिसांची ही धरपकड मंडळाच्या १८७५ च्या अहवालांत उघडी पडली, पण पद्धति मोडली नाहीं.

दरम्यान गियाना, त्रिनिदाद, जमेका, १८६० पासून नाताळ, १८७३ पासून सुरिनाम, १८७९ पासून फिजी अशी ही सांखळी पसरत गेली. एकट्या मॉरिशसमध्यें सुमारें साडेचार लाख माणसें उतरलीं. सर्व वसाहती मिळून हा आंकडा दहा लाखांच्या वर जातो.

या पद्धतीवर खरा घाव घातला तो गोपाळ कृष्ण गोखले यांनीं. २५ फेब्रुवारी १९१० रोजीं वरिष्ठ कायदेमंडळांत त्यांनीं नाताळला मजूर पाठविणें थांबविण्याचा ठराव मांडला आणि सरकारला तो मान्य करावा लागला. ४ मार्च १९१२ रोजीं त्यांनीं संपूर्ण पद्धतीच बंद करण्याची मागणी केली. सरकारपक्षाचें उत्तर ठरलेलें होतें: ही माणसें स्वखुषीनें जातात, करारावर स्वतः आंगठा उठवितात, पैसे शिल्लक टाकून परत येतात. गोखल्यांनीं या 'खुषी'वरच बोट ठेविलें. ज्याला देश ठाऊक नाहीं, भाषा ठाऊक नाहीं, धनी निवडण्याची मुभा नाहीं, आणि करार मोडल्यास तुरुंग आहे ही मुख्य गोष्टच ज्याला सांगितलेली नाहीं, त्याच्या संमतीला अर्थ काय? शंभर पुरुषांमागें चाळीस स्त्रिया पाठविण्याच्या नियमानें स्त्रियांची काय दशा होते, हेंहि त्यांनीं निर्भीडपणें सांगितलें. मतदानांत ३३ विरुद्ध २२ असा त्यांचा पराभव झाला.

याच सुमारास फिजींतील एका मळ्यावर गोरखपूरकडील कुंती नांवाच्या स्त्रीला मुद्दाम एकटीला काम नेमून दिलें गेलें. तेथें आलेल्या मुकादमसाहेबाच्या हातून निसटून तिनें नदींत उडी घेतली. होडीतील एका मुलानें तिला वांचविलें. तिची हकीकत कलकत्त्याच्या 'भारतमित्र' पत्रांत छापून आली, आणि कायदेमंडळांतील आंकड्यांनीं जें झालें नव्हतें तें या बाईच्या चार ओळींनीं केलें. १९१४ त तोताराम सनाढ्य यांचें फिजींतील एकवीस वर्षांचें कथन प्रसिद्ध झालें. १९१५ त अँड्र्यूज व पिअर्सन फिजीला जाऊन आले. गोखले १९१५ सालींच वारले होते. मार्च १९१६ मध्यें पंडित मालवीयांच्या ठरावावर सरकारनें पद्धति बंद करण्याचें तत्त्वतः मान्य केलें, १९१७ त मजूरभरती थांबली, आणि १ जानेवारी १९२० रोजीं फिजींतील उरलेले करार रद्द झाले.

पण अरकाटी मेला नाहीं. परदेशांतल्या नोकरीचें आमिष, आगाऊ उचल, आणि पोंचतांच काढून घेतलेला पासपोर्ट हीं त्याचींच नवीं हत्यारें. भारतीय संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदानें माणसांच्या व्यापाराला व वेठबिगारीला मनाई केली. वेठबिगारी मोडण्याचा सविस्तर कायदा १९७६ सालीं झाला. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या मसुद्यानें तर गोखल्यांचाच मुद्दा आंतरराष्ट्रीय कायद्यांत आणला: फसवणूक वा जबरदस्ती झाली असेल तेथें बळी पडलेल्याची संमति गैरलागू. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना व तिच्या सहकारी संस्था यांच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत २ कोटि ७६ लाख माणसें सक्तीच्या श्रमांत अडकलेलीं होतीं.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर मजूर ज्या सोळा पायऱ्या चढून आंत जात, त्या अजून आहेत. २००६ सालीं त्या स्थळाला जागतिक वारशांत स्थान मिळालें. मजुरांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जपून ठेविल्या आहेत. नांव, बापाचें नांव, गांव, उंची, अंगावरची खूण आणि एक क्रमांक. इंग्रज-फ्रेंच कारकुनांनीं मराठी नांवें जशीं कानीं पडलीं तशीं लिहिलीं आहेत. त्यामुळें पणजोबांच्या शोधांत तेथें येणाऱ्यांना नांवापेक्षां तो क्रमांकच अधिक लवकर वाट दाखवितो.